माझ्याकडे तर चालतंय

लॅबच्या भिंतीवरच्या पडद्यावर माझ्या भावाचं टोपणनाव दिसलं, तेव्हा माझ्या हातात एका बाईच्या रक्ताची नळी होती. ती खाली पडली नाही हेच नशीब.

आधी भाऊ कसला ते सांगते. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. आम्ही त्याला बोका म्हणतो, कारण लहानपणी घरात कधी यायचा, कधी जायचा, कुणाला पत्ता लागायचा नाही. पोटापाण्यासाठी चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासतो. आणि उरलेला सगळा जीव नऊ वर्षं एका अशा वस्तूत ओततोय, जी डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. कॉम्प्युटर म्हणे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्याने ओळखतात. त्यामुळे एखाद्या नावाचा आकडा कोणता, हे दर वेळी तिसऱ्यालाच विचारावं लागतं. साधा प्रोग्रॅम विचारतो आणि उत्तर येईपर्यंत तिथेच ताटकळत राहतो. बोक्याची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमांना आयता वापरता येणारा एक तुकडा, विचारते, दुसऱ्या कामाला लागते, आणि उत्तर आलं की उचलते. बरं, ती याने लिहिलीय म्हणावं तर तेही नाही! लिहिणारे वेगळेच. हा फक्त तिचं पॅकेज बांधतो. कुठला तुकडा कुठे बसवायचा, सोबत आणखी काय लागतं, सगळं लावून ठेवतो, म्हणजे कुणीही एक ओळ टाइप केली की ती त्याच्या मशीनवर बसते.

"अरे, घेतं तरी का कुणी तुझं हे गाठोडं?" मी त्याला छेडायचे.

"कळत नाही ताई. बिघडलं तरच लोक कळवतात. अजून तरी फारसं कुणी कळवलेलं नाही."

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. त्या मंगळवारी साडेअकराला आमचं सगळं ठप्प झालं. रिपोर्ट एरवी लॅबमधून आपोआप वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरमध्ये जातात, ते जाईनात. आतले फोन त्याच यंत्रणेवर, तेही मुके. चौथ्या मजल्यावर टेबलावर एक बाई होती, तिचा रक्तस्राव थांबत नव्हता, आणि तिला कुठलं रक्त चालेल हा रिपोर्ट माझ्यासमोर तयार होऊन अडकला होता. शेवटी मी तो हाताने लिहिला, शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी ताडून सही केली, आणि मी जिन्याने पळत सुटले. वय त्रेपन्न, गुडघे कधीचे बोलायला लागलेत. थिएटरच्या दारात नर्सने कागद हिसकावूनच घेतला आणि त्याच बाईच्या रक्ताची दुसरी नळी माझ्या हातात कोंबली.

"अकरा मिनिटं!" ती ओरडली. "अकरा मिनिटं वाट बघतोय आम्ही!"

मी तणतणत खाली आले. "कुठल्या गाढवाने हे करून ठेवलंय?" असं अख्ख्या लॅबला ऐकू जाईल एवढ्यांदा विचारलं. कॉम्प्युटर विभागाचे साहेब पडद्यासमोर घामाघूम होऊन उभे होते.

"सकाळी नेहमीसारखं अपडेट घेतलं मॅडम. एक छोटी लायब्ररी आहे, नावं शोधणारी. ती पत्त्यांची यादी भलत्याच फोल्डरमध्ये धुंडाळतेय. हे बघा, 'होम', मग 'बोका', मग 'नंतर आवरू'. आता हा बोका कोण, देव जाणे!"

'नंतर आवरू' नावाचं फोल्डर ठेवणारा बोका जगात एकच आहे, आणि त्याच्या चहाचा कप सकाळी मीच विसळला होता. नळी शेजारच्या मॅडमच्या हाती दिली आणि बाहेर जाऊन मोबाइलवरून त्याला फोन लावला.

"बोक्या, काय करून बसलास तू?"

पडद्यावरची ओळ सांगितली. तो म्हणाला, "माझ्याकडे तर चालतंय, ताई. तीनदा तपासलं."

"चालणारच! ते फोल्डर फक्त तुझ्याकडेच आहे, मेल्या!"

मग अगदी हळू म्हणाला, "आज मी रिकाम्या खोलीत बांधलं नाही."

त्यांच्या कामात तशी पद्धत असते. कॉम्प्युटरच्या आतच एक कोरी जागा करायची, जिथे आपलं स्वतःचं काहीही नसेल, आणि पॅकेज तिथेच बांधायचं, म्हणजे आपल्या घरातली कुठली खूण चुकून त्यात जात नाही. त्याला अर्धा तास लागतो. नऊ वर्षांत त्याने तो कधीच वाचवला नव्हता.

"मग आजच का?"

"तू खाली हॉर्न वाजवत होतीस."

खरं होतं. सकाळी आम्ही एकाच गाडीने निघतो, आणि मी चार वेळा हॉर्न वाजवला होता. गाढव म्हणून मी कुणाला ओरडत होते?

चाळीस मिनिटांत त्याने दुरुस्त पॅकेज चढवलं. रिपोर्ट धडाधड सुटले. बाई वाचली. मी साहेबांना सगळं सांगून टाकलं, तर ते माझ्याकडे बघतच राहिले. "हे एक माणूस बघतो? एकटा? मला वाटलं, कुठली तरी मोठी कंपनी असेल."

संध्याकाळपर्यंत बोक्याला दोनशेच्या वर ईमेल आले. बँका, शाळा, कुठलंसं बंदर, एक हवामान केंद्र. त्याने एकेकाला उत्तर दिलं. चूक माझी, घाई माझी. हॉर्नचं नावसुद्धा काढलं नाही. आणि शेवटी त्याने पॅकेज सोडलं. सांभाळणारा नसलेल्या पॅकेजला ती मंडळी अनाथ म्हणतात. तसा शेरा त्याने स्वतःच्या हाताने मारला. मी खूप समजावलं, पण ढिम्म. रोज एकच प्रश्न, "ती बाई कशी आहे?"

सहाव्या दिवशी मी त्याला सरळ वॉर्डातच नेलं. बाई शिवणकाम करणाऱ्या, बोलायला मोकळ्या. बोक्याने हात जोडून अडखळत सगळं सांगितलं.

"अहो भाऊ, त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही," त्या म्हणाल्या. "अकरा मिनिटं म्हणताय, पण मी तर झोपलेले होते! आता नीट चालतंय ना?"

"चालतंय."

"आणि बघतं कोण?"

"सध्या कुणीच नाही. मी सोडलं."

बाई टाक्यांवर हात दाबून ताडकन उठून बसल्या. चेहरा पांढराफटक.

"सोडलंत? अहो, पुढच्या महिन्यात माझं दुसरं ऑपरेशन आहे!"

बोक्याने खांद्यावरची बॅग खाली घेतली, लॅपटॉप काढला आणि विचारलं, "तारीख कितीची दिलीय?"