गोधडीतला फ्रिज

दर महिन्याला मीटर वाचायला येणाऱ्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तो दारात चपला काढून, मान खाली घालून माझं भांडण ऐकतो.

"तुन्हा मीटर खोटा शे!"

गारवा बाहेर जाऊ नये, वीज वाचावी, म्हणून दारातूनही दिसणाऱ्या फ्रिजला मी मागूनपुढून गोधडी पांघरली होती. तरी बिल वाढतच होतं. सून फ्रिज विकायला निघाली.

एकदा तो पाणी प्यायला आत आला. फ्रिज बघून हसला नाही. गोधडी काढून त्याने नीट घडी घातली.

"माय, याले मांगून वारा लागस."

पुढच्या महिन्यात बिल उतरलं. फ्रिज राहिला.

"आधी का बरं सांगं नही रे?" मी खेकसले.

"तू बोलू देशी तवय ना!"

आता त्याला गार पाणी देते. बोलू मात्र अजून देत नाही.