अकोल्याची माफी

"तब्येत कशी आहे?" असं आपांनी कधी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. त्या विचारायच्या, "दिल कसं हाये?" नवा माणूस गोंधळून जायचा. एकदा गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने छातीवर हात ठेवून सांगितलं, "गोळी चालू हाये अम्मा, बीपीची." आपा म्हणाल्या, "ते डॉक्टरले सांग बाप्पा. मी इचारून राहिली, कोनावर राग धरून तं नाई बसला?" त्या माणसाने सिलिंडर खाली ठेवलं, पायरीवर बसला आणि आपल्या मोठ्या भावाबद्दल सांगू लागला. पुढच्या घरचे लोक सिलिंडरची वाट बघत राहिले.

मी मूर्तिजापूरची. वडिलांचं स्टेशनरोडला पंक्चरचं दुकान. आमच्या घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेजसाठी अमरावतीला आले तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. आपांच्या घराची वरची खोली मला राहायला मिळाली. त्या विधवा, मुलगा सलीम वेल्डिंगचं काम करायचा. दुपारी मोहल्ल्यातल्या मुलींना त्या अरबी वाचायला शिकवायच्या, आणि कुणाच्या घरी बाई वारली की शेवटची आंघोळ घालायला आपांनाच बोलावणं यायचं. मला त्या पहिल्या दिवसापासून 'बीए' म्हणायच्या. मी म्हणायची, "आपा, अजून तीन वर्षं आहेत." त्या म्हणायच्या, "मले घाई हाये." माझ्या पदवीचा निकाल लागला तेव्हा माझ्या आईच्या आधी त्याच रडल्या.

संध्याकाळी त्यांच्याकडे बायका यायच्या. जाऊ, नणंद, सून, शेजारीण, तक्रारी ठरलेल्या. आपा ताबीज देत नसत, धागा बांधत नसत. एखाद्या डॉक्टरसारखं रोगाचं नाव सांगायच्या. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही तो हसद. मनात धरून ठेवलेला राग, तो कीना. ताठा म्हणजे गुरूर. "शुगर इथंच राहाते," त्या म्हणायच्या, "हे रोग मेल्यावर संगं येतात." आणि सगळ्यांना औषध एकच: जिच्यावर राग आहे तिचं नाव रोज दुवेत घ्यायचं, आपल्या लेकरांच्याही आधी. एक बाई म्हणाली, "जीभ वळत नाई आपा." आपा म्हणाल्या, "मंग ओढून वळव. मायी बी नाई वळत."

त्यांचं ते शेवटचं वाक्य तेव्हा कुणीच मनावर घेतलं नाही. मीही नाही.

मग आपांचा आणि सलीमचा हजला जायचा नंबर लागला. आमच्याकडे हजला निघणारा माणूस जायच्या आधी घरोघर फिरून माफी मागतो. बोलण्यात, वागण्यात कुणाचं मन दुखावलं असेल तर ते इथेच मिटवून जायचं. आपांनी हे फार मनावर घेतलं. उन्हं कलली की डोक्यावर ओढणी घेऊन निघायच्या, मी सोबत. भाजीवाल्या कमलाबाईच्या हातगाडीपाशी उभ्या राहून त्यांनी हात जोडले.

"कमला, कहासुना माफ कर माय. मी हजले चालली."

कमलाबाई म्हणाल्या, "मी काय माफ करू? तुमी मले कोनती शिवी देली?"

"तुया वांग्याले रोज नावं ठेवली ना."

"ते तं ठेवलेच बाप्पा!" कमलाबाईंना एकदम आठवलं. "गिऱ्हाईकासमोर ठेवले. जा, माफ केलं. पन तिथून आल्यावर चुपचाप घेत जा मंग."

आम्ही हसत घरी आलो. पण जसजशी घरं संपत आली तसतशा आपा बदलू लागल्या. नमाजाआधी हातपाय धुऊन, वजू करून उठायच्या आणि पुन्हा करायला बसायच्या. नमाजात मध्येच थांबायच्या, किती रकात झाल्या ते विसरायच्या. जेवणाचं ताट तसंच राहायचं. सलीम म्हणाला, उन्हाने होतंय. मला मात्र धडकी भरायची. मोहल्ल्यातली सगळी घरं झाली होती आणि अकोल्याचं एक घर राहिलं होतं. ते नाव कुणी काढत नव्हतं.

अकोल्याला त्यांची धाकटी बहीण राहायची, सलीमची मावशी, मुन्नी खाला. आई तिच्याकडेच होती. आई वारली ती मे महिन्यात, पहाटे. आपा मिळेल त्या बसने निघाल्या आणि बस बोरगावच्या अलीकडे बंद पडली. दुसरी गाडी पकडून त्या पोचल्या तेव्हा पुरुषमंडळी कब्रस्तानातून परत येत होती. दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर मय्यत उचलली होती. अकोल्याचं ऊन, त्यात उशीर करू नये हा दंडक, म्हणून कुणी थांबलं नाही. शेवटची आंघोळ मुन्नी खालांनी घातली होती. मोहल्ल्यातल्या कितीतरी बायकांना ज्यांनी आपल्या हाताने आंघोळ घातली, त्यांना स्वतःच्या आईचा चेहरासुद्धा बघायला मिळाला नाही. आपा दारातच ओरडल्या, "कयामतपर्यंत माफ करनार नाई तुले." भरल्या घरासमोर. तेव्हापासून लग्नकार्यात दोघी बहिणी वेगवेगळ्या खोलीत बसायच्या. हे मला सलीमने सांगितलं. आपा त्यावर कधी बोलल्या नाहीत.

शब-ए-बरातच्या आधी लोक फोनवर माफीचे तयार मेसेज पाठवतात, त्याची आपा नेहमी टिंगल करायच्या. "फोटोतल्या बिर्यानीनं पोट भरते का?" आणि एका दुपारी त्यांनीच मला बोलावून फोन पुढे केला. "बीए, ते माफीचं काय असते ते पाठवून दे. सगळ्याइले. एकदमच." सगळ्यांना म्हणजे कुणाला, ते मला कळलं. मी आलेल्यातलाच एक मेसेज निवडला, खाली गुलाबाची फुलं होती, आणि पाठवला. फोनमधल्या नातेवाइकांच्या नावांत मुन्नी खालांचंही नाव होतं.

सूर्य बुडताना, मगरिबच्या सुमाराला अकोल्याहून उत्तर आलं. तोच मेसेज. तीच गुलाबाची फुलं. खालांनी तो जसाच्या तसा परत फॉरवर्ड केला होता.

आपांनी फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "काय लिवलं तिनं?"

मी म्हणाले, "तुम्ही जे पाठवलं तेच, आपा."

त्यांनी फोन पालथा करून ठेवला. मग म्हणाल्या, "बराबर केलं. माया तोंडावर फेकलं." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "हे असं दिल घेऊन मी तिथं कशी उभी राहू वो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही बडनेऱ्याहून गाडी धरली. मूर्तिजापूर आलं तेव्हा मी सवयीने खिडकीतून आमच्या दुकानाच्या दिशेला बघितलं, पण आपांचा हात माझ्या हातात होता आणि तो थंड पडला होता, म्हणून लगेच वळले. त्या पुटपुटत होत्या. दुवा असेल असं वाटलं. कान देऊन ऐकलं तर त्या बहिणीशी काय बोलायचं याची तालीम करत होत्या. एक वाक्य म्हणायच्या, मान हलवायच्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. मला वाटत होतं, खालांनी दार लावून घेतलं तर मी यांना परत कशी नेऊ? तिथेच काही झालं तर सलीमला काय सांगू?

दार उघडंच होतं. मुन्नी खाला अंगणात बाजेवर बसून लाल मिरच्यांची देठं खुडत होत्या. त्यांनी वर बघितलं.

"आली का हाजन?"

"अजून झाली कुठं," आपा म्हणाल्या.

"बस."

खालांच्या सुनेने पाणी आणून दिलं. आपांनी पेला हातात धरला, प्यायल्या नाहीत. गाडीतली सगळी तालीम वाया गेली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "कहासुना माफ कर, मुन्नी."

"फोनवर मांगतली होती ना माफी? सगळ्या खानदानासंगं. फुलं बी होते त्यात."

आपांनी पेला मांडीवर टेकवला.

"मले एक सांग," खाला मिरच्या खुडत म्हणाल्या, "तुले माफी पाहिजे का हज कबूल व्हाले पाहिजे?"

"दोन्ही पाहिजे."

"अन् मले? मले काई पाहिजे का नाई? कयामतपर्यंत माफ नाई करनार म्हनली होती तू. केलं का माफ? त्या बायकाइले दिलाचं शिकवतं म्हनते. ठेव दिलावर हात अन् सांग."

मला वाटलं, आपांनी हो म्हणावं. एक शब्द. दुसरं कुणीही म्हणालं असतं, गळ्यात पडलं असतं, आणि आम्ही संध्याकाळच्या गाडीने परत निघालो असतो. आपांच्या हातातला पेला कलला होता, पाणी मांडीवर सांडत होतं. मला भीती वाटली की त्या कोसळतील.

"नाई झालं, मुन्नी," त्या म्हणाल्या. "रोज तुयं नाव घेते. सलीमच्या बी आधी घेते. जीभ घेते. दिल नाई घेत."

"कदीपासून?"

"अम्मी गेली तवापासून."

खालांनी आणखी दोन-चार देठं खुडली. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते हाताने पुसले. त्याच हाताने. दुसऱ्याच क्षणी त्या किंचाळल्या, "या अल्ला, मेली मी!"

"येडी हाये का तू? मिर्चीचे हात डोयाले लावते?" आपा इतक्या चपळाईने उठतील असं मला वाटलं नव्हतं. पेल्यातलं उरलेलं पाणी त्यांनी खालांच्या तोंडावर मारलं, मला म्हणाल्या, "बीए, बघून काय राहिली, बालटी आन!" मी बादली आणली. आपांनी बहिणीची मान काखेत धरली आणि ओंजळीने डोळे धुवायला लागल्या. "चोळू नको. उघड. उघड म्हनते ना! लहानपनापासून अशीच. आयकनार नाई." खाला ओरडत होत्या, "हळू ना वो, आपा, बुडवून मारतं का?" सून हसू दाबत आत पळाली.

तोंड पुसून झाल्यावर खाला लाल डोळ्यांनी म्हणाल्या, "खोटं बोलली असती ना, तं आज मी तुले हाकललं असतं." मग म्हणाल्या, "पन असं दिल घेऊन तू जाशीन कशी? इथंच थांब. सलीमले म्हना, गाडी इथून न्या. इमानासाठी नागपूरले जाचंच हाये ना."

मी एकटीच परत आले. ते दिवस मी फार काळजीत काढले. रोज फोन करायची. एके दिवशी आपा म्हणाल्या, "आज बोललोच नाई आमी." एके दिवशी म्हणाल्या, "आज लय भांडलो. मी तं निघाली होती, तिनं चपला लपवल्या." जायचा दिवस जवळ येत होता. सामान मी भरत होते, ओढण्या, औषधं, चष्मा. आपा हज सोडून देतील की काय, असं मला सारखं वाटायचं. सलीमलाही वाटत होतं, पण तो बोलून दाखवत नव्हता. माफी मागायला गेलेलं माणूस माफी द्यायला अडून बसलंय, हे कुणाला सांगणार?

निघायच्या सकाळी अकोल्याहून जीप आली. सामान चढवायला ती आमच्या गल्लीत थांबली. मोहल्ला गोळा झाला, हार आले, कमलाबाई मोसंबीची पिशवी घेऊन आल्या. मागच्या सीटवर आपा, त्यांच्या शेजारी मुन्नी खाला, नागपूरपर्यंत सोडायला. दोघी बोलत नव्हत्या. खालांच्या मांडीवर आपांची पिशवी होती. गर्दी सलीमकडे वळली तशी मी खिडकीपाशी गेले. विचारावं की नाही कळेना, तरी विचारलंच. "आपा, झालं का हो माफ?"

आपांनी माझा हात धरला. या वेळी तो थंड नव्हता.

"मुन्नीनं मले अम्मीचा चेहरा सांगतला," त्या म्हणाल्या. "पानी कोमट केलं होतं म्हने. केसाइले मेंदी होती, तं पानी लाल झालं, ही भेली. मले वाटलं होतं, अम्मीले तरास झाला असंन. तं नाई. झोपली असली का एक भिवई वर ठेवायची ना अम्मी? तशीच होती. शेवटपर्यंत तशीच." त्या थांबल्या. "इतके वर्स हिच्यापाशी होतं ते सगळं. मी हिले तोंडच उघडू देलं नाई."

खाला पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "आता रोज सांगा लागते. काल सांगतलं, आज सकाळी सांगतलं. नागपूर येवस्तोर पुन्हा इचारंन, बघ तू."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. कुणीतरी आपांच्या गळ्यात आणखी एक हार घातला. जीप हलली, आणि वळणावर दिसेनाशी होण्याआधी मला दिसलं, आपांनी मान बहिणीकडे वळवली होती आणि मुन्नी खाला हातवारे करून काहीतरी सांगू लागल्या होत्या.