नंदाला निवांत बसायला एक जागा हवी होती

नंदा दारू पिऊन मेली नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षभर लोक मला याच्या उलटंच सांगतायत, म्हणून एकदा नीट लिहिते.

नंदा आणि मी वाळूजच्या एका कंपनीत अकाउंट्सला शेजारी शेजारी बसायचो. ती वैजापूरकडची. घटस्फोटानंतर इकडं आली आणि पुंडलिकनगरला भाड्याच्या खोलीत एकटी राहायला लागली.

एका शनिवारी कंपनीच्या बसमध्ये म्हणाली, "वर्षे, आपल्या ऑफिसातली पुरुष माणसं सुटल्यावर कुठंतरी बसतेत, गप्पा हाणतेत, मग घरी जातेत. आपण कुठं बसायचं?"

मी म्हटलं, कॉफी प्यायला जाऊ.

"कॉफी घरी पण मिळती. मला थंडगार बीअर पाहिजे, मसाला शेंगदाणे पाहिजेत, अन् कुणी उठवायला नको."

हॅपी अवर्सचे बोर्ड आपल्याकडं आता जागोजाग दिसतात. चार ते सात, बीअर स्वस्तात. दिवसाउजेडी जायचं आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं. दोन बायकांसाठी सोयीचंच वाटलं आम्हाला.

पहिल्या ठिकाणी वेटरनं आम्हाला थेट वरच्या फॅमिली सेक्शनला नेलं. खिडकी नाही, टेबलाभोवती मळका पडदा.

"साब आ रहे ना पीछे से?"

नंदा म्हणाली, "आम्हीच साहेब. मेनू आणा."

त्यानं आणला. पण दर पाच मिनिटांनी कुणीतरी पडदा सरकवून आत बघून जायचं. अर्धी बाटली तशीच ठेवून उठलो.

दुसरं, दौलताबाद रोडवरचं गार्डन. झाडाखाली खुर्च्या, छान वारं. मालक भला माणूस होता, हात जोडूनच आला.

"ताई, जेवण करा, सरबत घ्या. बीअर नाय देत मी बायांना. पोरं बघतेत. उद्या काही झालं तर माझ्यावर यील."

आम्ही शेवभाजी खाऊन परत आलो.

असं बरंच फिरलो. एका ठिकाणी मॅनेजरनं बिल आणलं आणि त्याच्यासोबत स्वतःचा नंबर.

मग बीड बायपासला एक गच्ची सापडली.

तिथल्या वेटरनं फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, आत बसणार का बाहेर?"

आम्ही बाहेर बसलो. समोर शहराला लागून असलेल्या साताऱ्याचा डोंगर. शेजारच्या टेबलावर कुणाच्या तरी प्रमोशनची पार्टी चाललेली. आमच्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं.

नंदानं आजूबाजूला बघून घेतलं. मग म्हणाली, "कुणी काहीच विचारलं नाय गं."

डोळे पुसले तिनं. नंतर आम्ही दोघी उगाच हसत बसलो.

त्यानंतर महिन्यातून एखाद्या शनिवारी जायचो. ती बीअरचा एक पाइंट, म्हणजे छोटी बाटली, घ्यायची, तोही संपायच्या आत गरम व्हायचा, कारण बोलायची लई. लहानपणचं बोलायची, नवऱ्याचं कधीच नाही. गाडी शिकायची होती तिला. स्वतः चालवत आईला वेरूळला न्यायचं होतं.

एका शनिवारी तिथं तिच्या गावाकडचे कुणीतरी आले होते. आम्हाला कळलंही नाही. त्यांनी फोटो काढला.

आम्ही घरी पोचायच्या आत तो तिच्या भावकीच्या ग्रुपवर पोचला होता.

भावाचा फोन आला. ती खोटं बोलली नाही. "व्हय दादा, मीच हे. बीअरच हे ती."

त्या दिवाळीला तिला घरी बोलावलं नाही. आईनं फोन घेणं बंद केलं. नंदा ऑफिसात नेहमीसारखी यायची, काम करायची, पण डबा उघडायची नाही.

मी म्हणायचे, आता सगळ्यांना कळलंच आहे, चल गच्चीवर.

"नको. आता तिथं बसले तरी कुणीतरी विचारतंय असंच वाटंल मला."

ती पुन्हा कधीच गच्चीवर आली नाही.

पुढच्या पावसाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. आधी आम्ही साधी कावीळ समजलो. मग ती बोलता बोलता बरळायला लागली, तेव्हा ॲडमिट केलं.

डॉक्टर म्हणाले, दूषित पाण्यातून होणारी कावीळ आहे. बहुतेक जण बरे होतात. क्वचित एखाद्याचं लिव्हर अचानक बंद पडतं.

भाऊ आला. मी कॉरिडॉरमध्ये त्याला सांगितलं, "दादा, हे पाण्यातून झालंय. डॉक्टरांना विचारा."

"ताई, तुमी मैत्रीण हाव तिच्या. तुमी तसंच म्हणणार."

डॉक्टरांनी रिपोर्ट दाखवून समजावलं. त्यानं नुसती मान डोलावली.

नंदा त्याच आठवड्यात गेली. शेवटी शेवटी तिला भाऊ आल्याचंही कळत नव्हतं.

दहाव्याला मी तिच्या गावी गेले. काय झालं होतं, असं कुणी विचारलं की भाऊ म्हणायचा, "लिव्हर गेलं." आणि खाली बघायचा. पुढचं लोक आपापलं समजून घ्यायचे.

निघताना नंदाच्या आईनं मला आतल्या खोलीत बोलावलं. माझा हात धरला.

"लई पेत व्हती का गं ती?"

मी खाली बसले. पाण्याचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं. एक पाइंटही तिला संपायचा नाही, तेही सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग माझा हात थोपटून म्हणाल्या, "खरं सांग माय. मी काय म्हणणार नाय आता तिला."

बाहेर गाडी हॉर्न देत होती. मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले.

नंदा, मनापासून श्रद्धांजली.