दोन खोल्यांचा बल्ब

श्रीपती वायरमनला मावळातल्या कितीतरी घरांची माजघरं पाठ आहेत. स्वयंपाकघरांचं मात्र विचारू नका.

लोणावळ्यातल्या बंगल्यांत लाकडी पट्ट्यांवर वायर ठोकायला शिकलेला हा गडी १९६९ साली, गावात खांब आले तेव्हा, कामशेतपलीकडच्या आपल्या गावी परतला. पहिलंच काम हौशीरामच्या घरचं. श्रीपतीच्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारून तेरा वर्षं झाली होती, पण ती वार्ता हौशीरामच्या उंबऱ्यापर्यंत पोचायची होती.

"माजघरापत्तुर ये," हौशीराम म्हणाला. "सैपाकघरात न्हाई. अंधारात काय घास नाकात जात न्हाई."

आत त्याची नवी सून शालूबाई चिमणीच्या धुरात खोकत भाकरी थापत होती. श्रीपतीला संताप आला, पण तो गिळून त्यानं माजघरातूनच मधल्या भिंतीला आरपार भोक पाडलं आणि त्यात बल्ब बसवला.

"एका बल्बात दोन खोल्या. बिल निम्मं," त्यानं सांगितलं.

हौशीराम खूश! वर्षभरात गावभर भिंतींना भोकं पडली आणि श्रीपतीच्या डोक्याची तारीफ झाली. खरं कारण त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र त्याला डाचत राहिली. भिंत हातभर जाड, चूल कुठल्या कोपऱ्यात ते पाहिलेलं नाही, मग उजेड चुलीवर पडत असेल का? कारागिराला ही रुखरुख वाईट. आणि विचारणार कुणाला?

परवा शालूबाईच्या मुलानं, पप्पूनं, त्याला बोलावलं. भिंत पाडून मोठं किचन करायचं होतं, त्याआधी जुनी लाइन काढायची होती.

"आमचे आजोबा भलतेच चिकट होते, आबा," पप्पू हसत म्हणाला. "या ना आत."

सत्त्याहत्तर वर्षांच्या श्रीपतीनं चपला काढल्या आणि तो आत गेला. गॅस आल्यापासून ही खोली अडगळीची झाली होती. भिंतीवर काजळीचे दोन डाग होते: दूरच्या कोपऱ्यात एक फिकट, आणि भोकासमोर एक काळाकुट्ट. तो बघतच राहिला. दारात शालूबाई येऊन उभी होती.

"वैनी, चूल कुटं व्हती?"

तिनं कोपऱ्याकडं बोट केलं. "तितं. उजेड येत न्हवता, भाऊ. मंग मीच फोडली आन् हितं, उजेडात, नवी घातली. मामंजींनी लय शिव्या घातल्या."

श्रीपतीनं खिशातून टेस्टर काढला, पण हात वर गेला नाही.

"मला आत येऊ दिलं असतं," तो म्हणाला, "तर पयल्याच दिशी नीट लावला असता."

पप्पूचं हसू मावळलं. शालूबाईनं मान खाली घातली.

"व्हय," ती म्हणाली.