पाहुण्यांचा ट्रे

दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसणाऱ्या ताईंना जुन्या भांड्यांचं भारी वेड. सुट्टी आली की बाईंची स्वारी निघालीच जुन्या बाजारात! चांदीचा मुलामा दिलेले ट्रे, किटल्या, साखरेची भांडी घासाघीस करून आणायच्या, मऊ कपड्यानं पुसून काचेच्या कपाटात मांडायच्या. पाहुण्यांना सांगायच्या, "माझ्या आईकडचं आहे हो सगळं." आईकडचं म्हणे! आईनं जन्मभर चहा उकळला तो पोचे आलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात.

बरं, बाहेर थापा मारल्या, निदान घरात तरी खरं सांगावं? छे! आईलाही त्यांनी "अस्सल चांदी आहे" असंच सांगितलेलं. आई त्यांच्याजवळच राहायची. पाहुणे आले की मात्र मागच्या खोलीत. "तुला उगाच दगदग नको," असं ताई म्हणायच्या आणि आईही मुकाट्यानं मान डोलवायची.

त्या दिवशी दवाखान्यातल्या मंडळींबरोबर डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच घरी यायच्या होत्या. लेकीची तारांबळ बघून आईला राहवेना. तिनं मोठा ट्रे घेतला, पावडर घेतली, काथ्या घेतला आणि जीव लावून घासला. चांदीच ना ती, घासू तेवढी उजळेल! डोळ्यांना धड दिसत नव्हतं. वर केकचे तुकडे रचून तिनं ट्रे तयार ठेवला आणि ताईंनी घाईघाईत तसाच बाहेर नेला.

केक संपत आला, तशी डॉक्टरीणबाई वाकून बघायला लागल्या. "अगंबाई! मुलामा पार गेलाय की. खालचं तांबं दिसतंय."

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. तोंडातून निघून गेलं, "आमच्या कामवाल्या बाईनं घासला. काडीची अक्कल नाही हो तिला!"

आतल्या दारात आई चहाची किटली द्यायला येऊन उभी होती.

ताईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता जमीन फाटावी. आई पुढं आली. "चुकलं बाई माझं," ती म्हणाली आणि खाली मान घालून एकेकाचा चहा ओतू लागली.

"आईची आठवण होती ना ती? जपायला हवी होती हो," डॉक्टरीणबाई हळहळल्या.

ताईंना नुसतं "ही माझी आई" एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचललीच नाही. लाजेनं कान तापले, तरी त्या हसत बसल्या.

पाहुणे गेल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या. आई कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "गेले का गं सगळे? आता जरा बाहेर बसू का?"