मन्नूबियाचं वर्तन

मन्नूबिया परगावी गेली की वस्तीला ते आधी कानांनी कळतं, इतकं शांत वाटतं. केफच्या डोंगरातल्या त्या वस्तीत रोट्या भाजून विकणाऱ्या बाया पुष्कळ आहेत, पण वजनात मारणाऱ्या वाण्याची भर बाजारात खरडपट्टी काढणारी ही एकच.

तरुणपणी नगरपालिकेच्या एका शिपायाने परवाना नाही म्हणून तिची कणकेची परात लाथेने उडवली होती. मन्नूबियाने मातीत पडलेली कणीक दोन्ही हातांनी उचलली आणि टोपीसकट त्याच्या डोक्यावर थापली. सरकारी नोकराचा अपमान केला म्हणून गुन्हा दाखल झाला. दंड तिने भरला, माफी मात्र मागितली नाही. अजूनही विषय निघाला की म्हणते, "वाईट वाटतं ते कणकेचं. चांगली मळली होती."

तो गुन्हा इतकी वर्षं पोलिसांच्या दप्तरी पडून होता, त्याने काही अडलं नव्हतं. अडलं ते यंदा. वस्तीतल्या मुली सहावीनंतर घरीच बसायच्या, कारण पुढची शाळा डोंगराखाली आणि जायला वाहन नाही. भावाची जुनी गाडी मन्नूबियाकडे आली तशी तिने मागे बाकडी ठोकून घेतली आणि शेजारच्या शादलियाच्या मुलीला सांगूनही टाकलं, की दप्तर भरून ठेव. पण मुलांची ने-आण करायच्या परवान्यासाठी पोलिसांचा कोरा, म्हणजे नावावर एकही गुन्हा नसलेला, दाखला लागतो. मग तिने कोर्टात अर्ज केला, की शिक्षा भोगून झाली, आता माझं नाव पुसा.

अशा अर्जावर माणसाच्या वर्तनाची चौकशी होते. ती करायला वस्तीचा सरकारी मुखिया लझर, ज्याला सगळे मानाने 'सी लझर' म्हणतात, दारोदार फिरला. आणि इथे वस्तीने घोळ घातला. सरकारी माणूस शेजाऱ्याबद्दल विचारायला आला की आमच्याकडे खरं सांगत नाहीत, शेजाऱ्याला वाचवतात. शादलिया तर छातीवर हात ठेवून म्हणाली, "मन्नूबिया? गरीब गाय हो! उंबरठा ओलांडत नाही. शेजारी असून मी तिचा आवाज कधी ऐकला नाही."

हे कळल्यावर मन्नूबियाचा पारा चढला. "घराबाहेर न पडणारी बाई गाडी चालवणार कशी गं?"

"तुझ्या भल्यासाठीच बोलले. आता दाखला येईपर्यंत तोंड आवर."

मन्नूबिया तडक मुखियाच्या कचेरीत गेली. शादलिया धापा टाकत मागे. आत लोकांची रांग लागलेली.

"सी लझर, लोकांनी सांगितलंय ते सगळं खोटं आहे. खोडा."

"लल्ला मन्नूबिया," मुखिया अदबीने म्हणाला, "स्तुती केलीय तुमची!"

"मेलेल्या बाईची करतात तशी! मी घरात बसत नाही. मी भांडते. वाण्याशी भांडले, दवाखान्यात भांडले, पाण्यासाठी तुमच्याशी भांडले. आठवतंय?"

"विसरेन कसा?" रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. "जरा हळू बोला. मीही सरकारी नोकर आहे. याच कलमाखाली दुसरी केस व्हायची."

"करा! पण आधी खरं लिहा."

मुखियाने पेन खाली ठेवलं. "बरं, एकच सांगा. त्या शिपायासारखं पुन्हा कुणी वागलं तर? तसंच कराल?"

शादलियाने तिची बाही खेचली. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी काम होत होतं, आणि मन्नूबियाला ते कळत होतं. त्या पोरीचं भरलेलं दप्तर तिच्या डोळ्यांसमोर आलं.

"पुन्हा थापेन," ती म्हणाली. "हवं तर अर्ज फेकून द्या. पोरींना काय सांगायचं ते माझं मी बघेन."

मग शादलियाने बाही सोडली आणि स्वतःच पुढे झाली.

"मी खोटं बोलले, सी लझर. हिचा आवाज मी ऐकलाय. माझा नवरा मला मारत होता, तेव्हा भिंतीपलीकडून हीच ओरडली होती. सगळी वस्ती दारात जमली. त्या दिवसापासून त्याचा हात उठला नाही. हे लिहा तुमच्या त्या वर्तनाच्या कागदात."

मुखियाने तिच्याकडे पाहिलं, मग रांगेकडे. रांगेतला म्हातारा म्हणाला, "आणि वाण्याचं माप हिनेच सरळ केलं, तेही लिहा." मुखियाने आधीचा कागद फाडला आणि नवा घेतला.

हिवाळा सरता सरता कोर्टाने नाव पुसलं आणि दाखला कोरा आला. गाडीचा हॉर्न तेवढा बिघडलेला आहे, पण तो दुरुस्त करायची कुणाला गरज वाटत नाही. सकाळी मन्नूबिया वळणावरूनच हाक मारते आणि शादलियाची मुलगी दप्तर सावरत धावत सुटते.