दाजींचा टर्बो

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, कार्बुरेटरमधलं पेट्रोल बोटावर घेऊन चाखायचे आणि त्याच बोटांनी पोह्यातले शेंगदाणे वेचून खायचे. वर ताईला सांगायचे, "मीठ कमी हाय." तेव्हापासून मला पोहे नकोसे झाले.

उमरग्याला हायवेलगत त्यांचं गॅरेज. कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडलं की नाक मुरडून एकच वाक्य, "हिच्यात दम न्हाय." दम भरायची हौस दांडगी, अक्कल बेताची.

मागच्या अधिक महिन्यात, धोंड्याच्या जेवणाला, ते जळकोटला आमच्या घरी आले. धोंड्यात जावयाला वाण द्यायचं ते जाळीदार, म्हणून आईनं तेहतीस अनारसे केलेले. या माणसानं अनारसे हाणले आणि वर माझ्या वडिलांची, अण्णांची, जुनी फियाट मागितली. "चार दिस द्या मामा. टर्बो बसवतो. हेलिकाप्टर करून देतो."

आईचे गुडघे गेलेले. एसटीची पायरी तिला चढवत नाही. दर चैत्रात सोनारीच्या भैरवनाथाचं दर्शन तिला घडायचं ते याच गाडीमुळं. अण्णांना हे कळत नव्हतं का? पण जावयाला नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी मुकाट्यानं किल्ली ताटाशेजारी ठेवली. मीही गप्प बसलो, आणि त्याबद्दल मला माझीच शिसारी येते.

दाजींनी भंगारातल्या डिझेल जीपचा टर्बो आणला. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, मग त्या मानानं पेट्रोलही वाढवावं लागतं, एवढं आयटीआयत मला शिकवलेलं. म्हणालो, "दाजी, पेट्रोल कमी पडंल, पिस्टन जळंल." माझ्याच शर्टाला काळे हात पुसत ते म्हणाले, "पुस्तकं वाचून गाड्या पळत न्हाईत, मेव्हणे."

चार दिवसांचे आठ महिने झाले. चैत्रात गाडी शिट्टी मारत दारात आली. आईला मागं बसवून दाजींनी सोनारीची वाट धरली, आणि तुळजापूरच्या अलीकडंच धाडकन आवाज होऊन निळा धूर निघाला. आई नारळाची पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडेच्या दगडावर दोन तास बसली. नंतर इंजिन उघडलं तर एका पिस्टनला करंगळी जाईल एवढं भोक. दाजी म्हणाले, "पिस्टनच हलका निघाला." अण्णांनी तो पिस्टन मागून घेतला.

यंदा पुन्हा धोंडा आला. दाजी पाटावर बसले. अण्णांनी रीतीप्रमाणे त्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं, ताट पुढं केलं. अनारशांच्या मधोमध घासून लख्ख केलेला तो पिस्टन.

"घ्या पाव्हणं," अण्णा शांतपणे म्हणाले, "धोंड्यात भोकाचंच द्यायचं असतं."

ताईनं मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी हा माणूस लाजेल. दाजींनी पिस्टन उचलला, भोकाला डोळा लावून आमच्याकडं पाहिलं. "बगा मामा, टर्बोचा जोर कसा हाय," म्हणाले, आणि त्याच बोटांनी पहिला अनारसा मोडला.

पिस्टन आता त्यांच्या गॅरेजात देवाच्या फळीवर आहे. रोज उदबत्ती लावतात. आई सोनारीला गेली नाही ती नाहीच.